टोचणी, टिंबे आणि वसतिगृह

ब्रेलच्या पाटीवर लिहिताना कागद पाटीत अडकवून उजवीकडून डावीकडे टोचत जावे लागते, कारण टिंब उमटते ते कागदाच्या पलीकडच्या बाजूला, आणि वाचण्यासाठी कागद काढून उलटावा लागतो. म्हणजे लिहिताना प्रत्येक अक्षर आरशात दिसावे तसे मनात फिरवून घ्यायचे. डोळस असूनही गेल्या वर्षी मी ही लिपी शिकायला घेतली, तेव्हा पहिले तीन आठवडे माझा प्रत्येक ‘ज’ वाचताना ‘ह’ होत असे आणि प्रत्येक ‘इ’चा ‘ए’ होत असे, कारण या जोड्या एकमेकींची आरशातली रूपे आहेत. माझे शिक्षक जन्मांध आहेत. ते माझ्या कागदावरून तर्जनी फिरवतात, चुकीच्या अक्षरावर बोट थांबवतात आणि काही न बोलता वाट पाहतात. मी पाहून वाचतो आहे, बोटाने वाचत नाही, हेही त्यांना कसे कोण जाणे लगेच कळते.

सरांचे बालपण निवासी शाळेच्या वसतिगृहात गेले. त्याविषयी बोलताना ते एकाच श्वासात दोन गोष्टी सांगतात. सहाव्या वर्षी घरातून उचलून तिथे नेऊन ठेवले, ते दुःख अजून गेलेले नाही, ही पहिली. आणि रात्री दिवे मालवल्यावर पांघरुणाखाली पुस्तक घेऊन मित्रांना हळू आवाजात वाचून दाखवण्याचा आनंद पुढे कुठेच मिळाला नाही, ही दुसरी. अंधाराचा त्यांना अडथळा नव्हता, त्यामुळे पहारेकऱ्याला काही दिसतच नसे, हे ते अजूनही मिस्किलपणे सांगतात. या दोन गोष्टींतली एक खरी आणि दुसरी भाबडी, असे मला सुरुवातीला वाटायचे. अपंगांच्या शिक्षणाचा इतिहास वाचत गेलो तसे लक्षात आले, की हा सगळा इतिहासच या दोन गोष्टींनी विणलेला आहे: समाजाने ज्यांना भिंतीआड ठेवले त्यांना तिथे कधी एकमेकांची सोबत, भाषा आणि लिपी मिळाली, तर कधी तशाच भिंतीआड त्यांचे सर्वस्व हिरावले गेले.

लुई ब्रेलची गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला साधारण माहीत असते. फ्रान्समधल्या कूव्रे या गावी १८०९ साली जन्म, वडिलांचे घोड्यांच्या खोगिरांचे व चामड्याच्या सामानाचे काम, तिसऱ्या वर्षी त्यांच्याच हत्याराने डोळ्याला झालेली इजा आणि मग दोन्ही डोळे गेलेले. १८१९ साली तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. ही शाळा व्हॅलेंटिन हॉय याने १७८५ मध्ये काढली होती. पुठ्ठ्याचे चष्मे आणि विचित्र टोप्या घालून बसवलेल्या अंध वादकांच्या तांड्याला पॅरिसच्या जत्रेत लोक हसत आहेत, हे त्याने १७७१ साली पाहिले आणि ते दृश्य त्याला सहन झाले नाही, असे सांगतात. हॉयने अंधांसाठी पुस्तके केली, पण ती डोळसांच्याच अक्षरांची: नेहमीची रोमन अक्षरे जाड कागदावर उठावदार छापलेली. गोलाईची ती अक्षरे डोळ्याला सुबक दिसत, पण बोटाला एकेक अक्षर चाचपत जावे लागे. शिवाय ती पुस्तके केवळ वाचायची होती. मुलाला स्वतःच्या हाताने तसे काही लिहिता येत नव्हते.

त्यानंतर चार्ल्स बार्बिए हा तोफखान्यातला माजी अधिकारी आपली टिंबांची पद्धत घेऊन शाळेकडे आला. रेघेपेक्षा टिंब बोटाला लवकर कळते, ही मूळ सूझ त्याची, आणि तिचे श्रेय त्याला मिळायलाच हवे. पण त्याच्या एका चौकटीत बारा टिंबे होती. सहा टिंबांच्या उभ्या ओळी बोटाच्या पेऱ्याखाली एकदम मावत नसत, वरखाली बोट फिरवावे लागे. दुसरा दोष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बार्बिएची टिंबे उच्चारांसाठी होती, वर्णलेखनासाठी नव्हती. शब्द जसा ऐकू येतो तसा टोचायचा. शुद्धलेखन, विरामचिन्हे, अंक यांना तिथे जागा नव्हती. ब्रेलने १८२४ पर्यंत, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, चौकट निम्मी केली आणि तिच्यात वर्णमाला बसवली. सहा टिंबांतून त्रेसष्ट आकृत्या होतात आणि प्रत्येक आकृती एका स्पर्शात कळते. पुढे १८२९ मध्ये त्याने ती पद्धत प्रसिद्ध केली, संगीताच्या लेखनासकट, कारण तो स्वतः ऑर्गन वाजवणारा होता. डोळस माणसाला अंधाची गरज ‘मजकूर समजणे’ एवढीच दिसली. अंध मुलाला मात्र डोळस माणूस लिहितो ते सगळेच हवे होते, आणि तेही त्याच काटेकोरपणे.

यानंतरचे प्रकरण पाठ्यपुस्तकांत सहसा दोन ओळींत उरकतात. विद्यार्थ्यांनी ही लिपी आपसांत उचलली, पण शाळेने उचलली नाही. १८४० च्या सुमारास आलेल्या संचालकाने तिच्यावर बंदी घातली आणि पुस्तके जाळली. अंधांनी डोळसांपेक्षा वेगळी लिपी वापरली तर ते समाजापासून तुटतील, असा त्या काळच्या विरोधकांचा युक्तिवाद होता, आणि तो ऐकायला आजही भला वाटतो. मुले चोरून लिहीत राहिली. अखेर १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात या लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ साली. ब्रेल त्याआधी दोन वर्षे, १८५२ च्या जानेवारीत, क्षयाने गेला होता. पहाऱ्यातल्या त्या वसतिगृहात शंभर मुले एकत्र नसती, तर बंदी घातलेली लिपी तगली असती का, याचे उत्तर मला नकारार्थीच द्यावेसे वाटते.

बधिरांच्या शिक्षणात हेच नाट्य अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. (‘मूकबधिर’ हा शब्द मी टाळतो, कानाने ऐकू येत नाही म्हणून माणूस मुका ठरत नाही.) सोळाव्या शतकात स्पेनमधल्या पेद्रो पोन्से द लेओन या भिक्षूने सरदारघराण्यांतल्या बधिर मुलांना बोलायला, वाचायला शिकवले होते, पण ते शिक्षण श्रीमंतांपुरते राहिले. पॅरिसच्या आबे द लेपे याने १७६० च्या सुमारास दोन बधिर बहिणींपासून सुरुवात करून गरिबांनाही मोफत प्रवेश असलेली शाळा उभी केली. त्याचा मोठेपणा असा, की बधिर लोक आपसांत ज्या खुणा करतात त्यांतून शिकवता येईल हे त्याने ओळखले. त्याची चूक अशी, की त्या खुणांना फ्रेंच व्याकरण शिकवायला हवे असे त्याला वाटले, म्हणून लिंग, काळ, प्रत्यय यांच्यासाठी त्याने वेगळ्या खुणा घडवल्या. वर्गाबाहेर मुलांनी त्या सोडून दिल्या.

या शाळेतून बाहेर पडलेली माणसे पाहिली की शाळेने काय दिले ते कळते. लोराँ क्लेर हा तिथला बधिर शिक्षक १८१६ साली थॉमस गॅलॉडेट या अमेरिकन पाद्र्याबरोबर जहाजाने निघाला. प्रवासात क्लेर त्याला खुणा शिकवत होता आणि त्याच्याकडून इंग्रजी शिकत होता. १८१७ च्या एप्रिलमध्ये हार्टफर्ड येथे त्यांची शाळा उघडली तेव्हा अमेरिकेतल्या त्या पहिल्या कायमस्वरूपी बधिरशाळेच्या दोन मुख्य शिक्षकांपैकी एक स्वतः बधिर होता. तिकडे पॅरिसमध्ये फेर्दिनां बेर्तिए या बधिर शिक्षकाने आणि त्याच्या मित्रांनी १८३४ पासून लेपेच्या जन्मदिनानिमित्त दरवर्षी मेजवानी द्यायला सुरुवात केली. भाषणे खुणांत होत, विनोद खुणांत होत, आणि निमंत्रित ऐकू येणाऱ्या पाहुण्यांना कोणीतरी अर्थ सांगेपर्यंत थांबावे लागे. त्या टेबलापाशी अपंग कोण होते, हा प्रश्न मला पडल्याशिवाय राहत नाही.

मग आले १८८०. मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेत १६४ प्रतिनिधी होते आणि त्यांत बधिर फक्त एक. बधिर मुलांना केवळ बोलण्यातून आणि ओठवाचनातून शिकवावे, खुणा वर्गातून हद्दपार कराव्यात, असे ठराव तिथे झाले. विरोधात पडलेली मते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढल्या काही दशकांत अनेक देशांतल्या शाळांतून बधिर शिक्षक गेले, कारण जो स्वतः ऐकू शकत नाही तो उच्चार काय तपासणार? मुलांना हातांवर बसवून ठेवणे, बोटांवर पट्टी मारणे हे शिस्तीचे प्रकार ठरले. ओठवाचनाविषयी ज्यांना मोठी कल्पना असेल त्यांनी आरशापुढे आवाज न काढता ‘पापा’, ‘बाबा’ आणि ‘मामा’ म्हणून पाहावे. तिन्ही शब्दांना ओठ सारखेच मिटतात. एका अक्षरात वर्ष घालवणाऱ्या मुलाला भूगोल आणि गणित शिकायला वेळ कुठून उरणार? तरीही खुणा मेल्या नाहीत. त्या वर्गातून निघाल्या आणि वसतिगृहात गेल्या, जिथे मोठी मुले लहानांना त्या शिकवत राहिली. बधिर आईवडिलांची मुले तर घरून ही भाषा घेऊनच येत आणि तीच इतरांची शिक्षक होत. अमेरिकेतल्या बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९१० नंतर आपल्या उत्तम वक्त्यांची भाषणे चित्रफितीवर टिपून ठेवली, भाषा नाहीशी होण्याच्या धास्तीने. ती एक पूर्ण, स्वतःचे व्याकरण असलेली भाषा आहे हे विल्यम स्टोकी या अभ्यासकाने १९६० मध्ये दाखवले, आणि मिलानच्या ठरावांबद्दल त्याच परिषदेच्या परंपरेतल्या व्हँकूव्हर येथील अधिवेशनात जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० उजाडले.

एकत्र येण्याने काय घडते याचे सर्वांत थक्क करणारे उदाहरण निकाराग्वाचे आहे. तिथे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बधिर मुले आपापल्या घरी, घरगुती चार खुणांवर, एकेकटी वाढत होती. मानाग्वामध्ये त्यांच्यासाठी शाळा निघाली आणि क्रांतीनंतर तिथे मुलांची संख्या वाढली. शिक्षक त्यांना ओठवाचन आणि स्पॅनिश शिकवत होते, त्यात फारसे यश येत नव्हते. पण मैदानावर आणि बसमध्ये या मुलांनी आपापल्या घरच्या खुणा एकमेकांत मिसळल्या, आणि नंतर आलेल्या लहान मुलांनी त्या मिश्रणाला व्याकरण दिले. काही वर्षांत शिक्षकांना कळेनाशी झालेली एक नवी भाषा तयार झाली होती, आणि ती समजून घ्यायला १९८६ मध्ये बाहेरून भाषातज्ज्ञ बोलवावी लागली. ती भाषा अभ्यासक्रमात कोणीच ठेवलेली नव्हती.

याउलट अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिन्यार्ड बेटावर भिंतीची गरजच पडली नव्हती. तिथे आनुवंशिक बधिरत्वामुळे चिलमार्क गावात एकोणिसाव्या शतकात साधारण पंचविसांत एक जण बधिर असे, म्हणून ऐकू येणाऱ्यांनाही खुणांची भाषा लहानपणापासून येत असे. ते ती आपसांतही वापरत. बधिर माणसे तिथे मासेमारी करत, शेती करत, लग्ने करत, गावच्या सभांना जात. शेवटची बधिर बेटवासी १९५२ साली वारली. पुढे बेटावरच्या वृद्धांना जुन्या शेजाऱ्यांविषयी विचारले असता, अमुक माणूस बधिर होता का हे त्यांना आठवून सांगावे लागे.

आता भिंतीची दुसरी बाजू. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवता येते, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एदुआर सेगाँ याने रुजवली. अॅव्हेरॉनच्या जंगलात सापडलेल्या व्हिक्टर या मुलावर काम करणाऱ्या डॉक्टर इतार यांचा तो शिष्य. हात, स्पर्श, हालचाल यांतून बुद्धीकडे जाण्याची त्याची पद्धत पुढे माँटेसरीबाईंपर्यंत पोचली. त्याच्या प्रभावातून निघालेल्या पहिल्या शाळा लहान होत्या आणि मूल शिकवून घरी परत पाठवायचे, हा त्यांचा हेतू होता. तो टिकला नाही. घरी परत गेलेल्याला बाहेर काम नव्हते, गरीब घरांना भार पेलत नव्हता, आणि संस्थेला तर शिकलेली मुलेच हवी होती, कारण शेत, धुलाईघर आणि अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा हे सगळे त्यांच्या बिनपगारी श्रमांवर चाले. जो शिकला त्यालाच ठेवून घ्यायचे, असा हा उफराटा न्याय. दारावरच्या पाटीवर ‘शाळा’ हा शब्द मात्र तसाच राहिला.

त्यात सुप्रजननशास्त्राच्या, म्हणजे ‘सदोष’ माणसांची संतती वाढू देऊ नये या विचाराच्या, नावाखालची क्रूरता मिसळली. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संस्थेतल्या एका तरुणीची सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरवली. जर्मनीत नाझी राजवटीच्या १९३३ च्या नसबंदी कायद्याखाली बधिरांच्या शाळांतल्या काही शिक्षकांनीच आपल्या विद्यार्थ्यांची नावे कळवली, आणि १९४० व १९४१ या दोन वर्षांत अपंग आणि मनोरुग्ण मिळून सत्तर हजारांहून अधिक माणसे खास उभारलेल्या केंद्रांतल्या वायुकक्षांत मारली गेली. युद्ध संपल्यावर हे सगळे सुधारले, असे समजणे चूक होते. न्यूयॉर्कच्या विलोब्रूक स्टेट स्कूलमध्ये चार हजारांच्या जागेत १९६० च्या दशकात सहा हजारांवर मुले आणि प्रौढ कोंबलेले होते, आणि तिथे मुलांना मुद्दाम काविळीचा संसर्ग करून संशोधन चालले होते. १९७२ मध्ये एका वार्ताहराने कॅमेरा आत नेला आणि उघडी, मळलेली, फरशीवर बसलेली मुले घराघरांतल्या पडद्यांवर दिसली. ती संस्था पूर्ण बंद व्हायला त्यानंतरही पंधरा वर्षे लागली.

भिंतीशिवाय सांभाळ होतच नाही, हे संस्थाचालकांचे म्हणणे बेल्जियमच्या गील गावाने कित्येक शतके खोटे ठरवले आहे. संत डिम्फ्नाच्या चर्चकडे येणाऱ्या मनोरुग्णांना जागा पुरेना तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना घरात ठेवून घेतले, आणि मध्ययुगातली ती रीत पुढे चालूच राहिली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्या एका गावातल्या घरांत साडेतीन हजारांहून अधिक असे ‘घरवासी’ राहत होते. रुग्ण हा शब्द तिथे वापरत नाहीत, आणि कुटुंबाला परंपरेने आजाराचे निदानही सांगितले जात नसे. माणूस कसा आहे ते त्यांना रोजच्या जेवणाच्या टेबलावर कळे.

संस्था मोडण्याचा विचार स्कँडिनेव्हियातून आला. डेन्मार्कचा १९५९ चा कायदा आणि स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांची मांडणी यांचा गाभा अगदी साधा होता: दिवसाला, आठवड्याला आणि वर्षाला इतरांच्या आयुष्यात जी लय असते ती यांच्याही आयुष्यात असावी. प्रौढ माणसाला कर्मचाऱ्यांची पाळी बदलते म्हणून संध्याकाळीच अंथरुणात घालू नये, इथपर्यंत निर्ये उतरतात. १९७० मध्ये माल्मो येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांनीच आपली परिषद भरवली. त्यांच्या मागण्यांत स्वतःचे घर होते, त्यासाठी स्वयंपाक आणि हिशेब शिकण्याची सोय होती, आणि फिरायला जाताना मोठ्या घोळक्याने नेऊ नका, लहान गटांत जाऊ द्या, हेही होते. रस्त्याने रांगेत नेल्या जाणाऱ्या प्रौढ माणसांकडे लोक कसे पाहतात हे ज्याने सोसले आहे, त्यालाच अशी मागणी सुचते.

एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात आला तेव्हा पोलिओमुळे त्याचे मानेखालचे शरीर जवळजवळ हलत नव्हते आणि रात्र तो श्वास चालू ठेवणाऱ्या ‘लोखंडी फुप्फुसा’च्या पिंपात काढत असे. ते पिंप वसतिगृहात मावेना, म्हणून विद्यापीठाने त्याला आपल्या इस्पितळात राहायला जागा दिली. त्याच्यामागून तसेच आणखी विद्यार्थी आले, इस्पितळाचा तो मजला त्यांचे वसतिगृह झाला, आणि तिथल्या गप्पांतून १९७२ मध्ये अपंगांनीच चालवलेले स्वतंत्र जीवन केंद्र उभे राहिले. मदतनीसाशिवाय सगळे करता येणे म्हणजे स्वातंत्र्य, हा अर्थ रॉबर्ट्सने नाकारला. मदत कोणाची, केव्हा आणि कशी घ्यायची हे ठरवण्याचा हक्क म्हणजे स्वातंत्र्य, असे तो म्हणे. राज्याच्या ज्या पुनर्वसन खात्याने ‘हा काम करण्यापलीकडचा आहे’ म्हणून त्याला आधी मदत नाकारली होती, त्याच खात्याचा तो पुढे संचालक झाला. नियतीच्या अशा खोड्या क्वचितच इतक्या नेटक्या असतात.

पाच वर्षांनी, १९७७ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेच्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातल्या भेदभावविरोधी कलम ५०४ चे नियम लागू करावेत म्हणून शंभरावर अपंग माणसे सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्र सरकारी इमारतीत शिरली आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तिथेच राहिली. दूरध्वनी तोडले गेले, तेव्हा आतल्या बधिर आंदोलकांनी खिडकीत उभे राहून बाहेरच्या चौकातल्या माणसांशी खुणांनी बोलायला सुरुवात केली. मिलानला हद्दपार झालेली भाषा त्या इमारतीची एकमेव चालू तार होती. नियमांवर सही झाली.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंगांच्या हक्कांच्या करारात समाजात राहण्याचा हक्क १९ व्या कलमात आहे आणि शिक्षण २४ व्या. या २४ व्या कलमात सर्वांसाठी सामाईक शाळा हे तत्त्व आहेच, पण बधिर, अंध आणि बधिरांध मुलांना योग्य त्या भाषेत व लिपीत, त्यांचा विकास सर्वाधिक होईल अशा वातावरणात शिकवावे, आणि स्वतः अपंग असलेले शिक्षकही नेमावेत, असेही त्यात म्हटले आहे. ते शब्द आत यावेत म्हणून बधिरांच्या आणि अंधांच्या जागतिक संघटनांनी मसुद्याच्या वेळी बराच जोर लावला होता. विलोब्रूकचे भय ज्यांना आहे त्यांना प्रत्येक वेगळी शाळा संशयास्पद वाटते. ज्यांनी वसतिगृहात भाषा मिळवली त्यांना एका वर्गात एकटाच बसवलेला बधिर मुलगा जास्त कोंडलेला वाटतो. मी दुसऱ्यांच्या बाजूने अधिक झुकतो, पण सरांचे ते सहाव्या वर्षीचे दुःख मला पूर्णपणे झुकू देत नाही.

सरांकडे सध्या रविवारी माझ्याबरोबर दहा वर्षांचा एक मुलगा येतो. तो घरी राहतो, नेहमीच्या शाळेत जातो, वर्गात त्याचे मित्र आहेत, आणि सगळी पुस्तके तो संगणकाच्या आवाजात ऐकतो. त्याला पुष्कळ माहिती आहे. पण ‘विशेष’ या शब्दात एक श आणि एक ष असतो हे त्याला माहीत नव्हते, कारण कानाला दोन्ही सारखेच लागतात. मागच्या महिन्यात सरांनी त्याला तो शब्द टोचायला लावला. त्याने दोन्हीकडे श टोचला. सरांनी कागद उलटला, दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवले आणि नेहमीसारखे थांबले. मुलाने आपले बोट त्यांच्या बोटाशेजारी आणले, बराच वेळ चाचपले आणि विचारले, “म्हणजे हे मी इतकी वर्षे चुकीचे ऐकत होतो?” सरांनी त्याला ष ची पाच टिंबे दाखवली. आता तो धड्यात माझ्या दीड पान पुढे आहे, आणि माझा ‘ज’ चुकला की तो सरांच्या आधी हसतो.